भोंगा मांडवात, आम्ही फणसाखाली

"इथे बस," सर म्हणाले. "इथून आवाज छान जाईल. आणि दिसणारही नाहीस."

जागा अशी होती. लॉनच्या टोकाला लाकडी मंच. मंचामागे बांबूंवर ताणलेलं काळं कापड. कापडामागे जनरेटरच्या वायरी, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, केटररचे रिकामे क्रेट. त्यांच्यात एक प्लास्टिकचं स्टूल आणि स्टुलासमोर माईक. मी पन्नाशीला टेकलेली बाई. अंगावर कार्यक्रमाची काळी साडी. सरांनी मला बोटाने स्टूल दाखवलं आणि पुढे वाद्यांकडे निघून गेले.

दिसणारही नाहीस. हे त्यांनी सोय म्हणून सांगितलं. माझी सोय.

मी स्टुलावर बसले. बसले, हे लिहिलं पाहिजे. तालमीत पूर्ण गायले. काळ्या कापडाकडे तोंड करून. पुढे मंचावर आमची मुख्य गायिका नैना ओठ हलवत होती आणि माझा आवाज तिच्या शेजारच्या स्पीकरमधून बाहेर पडत होता. यजमान बाई लांबून म्हणाल्या, "ब्यूटिफुल, नैना." नैनाने हात जोडले.

मी मुंबईतल्या एका ऑपेरा कंपनीत गाते. हे आमच्याकडे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, म्हणजे नाटक काय? नाटकच. फक्त सगळं गाऊन, परक्या भाषेत, समोर वाद्यांचा ताफा आणि त्यांच्यापुढे छडी घेऊन उभा असलेला एक माणूस. त्याच्या छडीशिवाय कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही. आमच्या कंपनीत तो माणूस म्हणजे सर. परदेशात शिकून आलेले. बाकी सगळे त्यांना माएस्त्रो म्हणतात. मी सरच म्हणते. आठवडाभर शाळेत मुलं मलाही तेच म्हणतात, चुकून. मी समुद्रापलीकडे, थळच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते.

गाणं कुठून आलं तेही सांगते, म्हणजे कोडं नको. बी.एड.ला भायखळ्याच्या होस्टेलवर होते. शेजारी चर्च होतं. तिथल्या गायनवृंदाला आवाज कमी पडत होते. शिकवणारी म्हातारी मिस होती, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिश्चन. तिने मला खिडकीत कपडे वाळत घालताना गाताना ऐकलं आणि खालूनच हाक मारली. स्वरलिपी तिने शिकवली, श्वास तिने शिकवला. घरी बातमी गेली की पोरगी ख्रिश्चन झाली. आबा मला बघायला आले, तासभर ऐकत बसले आणि जाताना म्हणाले, "झाली नाय. गातेय." आमची बौद्धवाडी. धर्म एकदा बदलून झालेला. आबांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

पुढे लग्न, नोकरी, मुलगी, सगळं इकडेच. पण शनिवारी शाळा सुटली की मांडव्याहून बोट पकडायची. पावसाळ्यात बोटी बंद, मग वडखळवरून एसटी. कोरसमधल्या आम्हा लोकांना मानधन नसतं. आवड म्हणून यायचं. मी येत होते.

आता आमच्या कामातल्या दोन रीती सांगते. त्या कळल्या नाहीत तर पुढचं कळणार नाही.

पहिली. मुख्य गायिका तालमीत पूर्ण आवाज लावत नाही. अर्ध्या आवाजात नुसत्या जागा दाखवत जाते. याला मार्क करणं म्हणतात. घसा कार्यक्रमासाठी राखायचा असतो. पण वादकांना खरा आवाज ऐकल्याशिवाय तोल सापडत नाही. मग तो आवाज दुसऱ्या कुणीतरी लावायचा. आमच्याकडे तो मी लावते. नायिकेची सगळी गाणी मला पाठ. सर म्हणायचे, "तुझा आवाज तालमीसाठी सोनं आहे." कितीतरी वर्षं मला ते कौतुक वाटलं.

दुसरी. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी मुख्य माणसाचा घसा बसला तर तो मंचावर अभिनय करतो, ओठ हलवतो, आणि पर्यायी गायक मंचाच्या बाजूला उभा राहून गातो. दिसेल असा. सुरू होण्याआधी कंडक्टर पुढे येऊन लोकांना दोन्ही नावं सांगतो. यात लपवाछपवी नसते. जगभर असंच चालतं. हे मला सरांनीच सांगितलं आणि एकदा त्यांनी तसं केलेलं मी पाहिलंही. परदेशी पाहुण्या गायकाचा घसा गेला, तेव्हा दुसरा परदेशी पाहुणा सूट घालून बाजूला उभा राहिला. सरांनी त्याचं नाव घेतलं, लोकांनी गाण्याआधीच टाळ्या वाजवल्या. मी कोरसमध्ये मागे उभी होते. मला अभिमान वाटला होता. काय स्वच्छ रीत आहे, असं.

तर हा बंगला. किहीमच्या पुढे, समुद्राला लागून. कंपनीला मदत करणाऱ्या एका कुटुंबाचा. त्यांच्या पाहुण्यांसाठी ऑपेरातले निवडक भाग लॉनवर करायचे होते. माळ्याच्या मुलीची गोष्ट आहे. ती राजवाड्याच्या बागेत गाते आणि आतल्या लोकांना तिचा आवाज ऐकून रडू येतं. पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडते. त्या लॉनखाली माझ्या लहानपणी पांढऱ्या कांद्याचे वाफे होते. आम्ही तिथे खुरपायला जायचो.

मुंबईत आदल्या दिवशी तालीम होती, म्हणून मीही सगळ्यांबरोबर गेटवेहून बोटीने आले. आम्ही कोरसवाले खाली आत बसलो, गळ्याला ओढण्या गुंडाळून, तोंड बंद. इंजिनच्या आवाजावर बोलायला लागलं की घसा फाटतो, हे ज्याला गायचंय त्याला ठाऊक असतं. नैना वरच्या डेकवर गेली. कुणीतरी व्हिडिओसाठी फोन धरला. ती समोरून येणाऱ्या वाऱ्यात उभी राहून, सीगलना वेफर्स टाकत, पूर्ण आवाजात गायली. मी जिना चढून वर गेले. "नैना, खाली चल. वारा लागेल घशाला."

"आंटी, रिलॅक्स," ती हसत म्हणाली. "इट्स फॉर द पेज."

मांडव्याला उतरेपर्यंत तिचा आवाज खरखरीत झाला. दुपारच्या जेवणापर्यंत नुसती हवा येत होती. मुलगी वाईट नाही. आपण काही बिघडवलं तर कुणीतरी निस्तरेल, याची तिला जन्मापासून सवय आहे एवढंच.

निस्तरायला मी होतेच.

सरांनी मला बाजूला घेतलं. सर सगळ्यांशी इंग्रजीत बोलतात. माझ्याशी मराठीत. मी इंग्रजीत उत्तर दिलं तरी पुढचं वाक्य मराठीतच येतं. म्हणाले, "तू गाशील. नैना मंचावर असेल."

"कोरसमध्ये मी नसणार मग."

"कोरसमध्ये एक बाई कमी झाली तर कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "ठीक आहे. मी उजव्या बाजूला उभी राहते. तिथून तुमची छडी दिसते."

तेव्हा त्यांनी काळं कापड दाखवलं. छडी दिसावी म्हणून कापडाला एक चीर पाडून ठेवली होती. माझ्याशी बोलायच्या आधीच.

तालीम संपली तशी मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेले. तिथे सुनंदा वहिनी भाकऱ्या थापत होती. माझ्या भावाची बायको. या बंगल्यावर ती कामाला आहे हे मला माहीत होतं. त्या दिवशी असेल असं डोक्यात नव्हतं.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "मगाशी आवाज ऐकला. म्हटलं ही आपलीच. भायेर येऊन बघते तर ती गोरी पोरगी. मला वाटलं माझेच कान गेले."

"आवाज माझाच. मी मागे कापडाआड बसलेय. ती पुढे तोंड हलवते."

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली. "का?"

"तिचा घसा बसलाय."

"मग तिला बसव की कापडाआड. घसा तिचा बसलाय."

मी हसले. ती हसली नाही.

"आमचंबी तसंच हाय," ती म्हणाली. "रांधायचं आमी. मग ती बाय भायेर जाऊन सांगनार, फिश करी मी माझ्या हातानं केली. सांगंना का. मला पगार हाय. महिन्याला हातावर पडतो. तुला काय हाय गं?"

मी ग्लास धुऊन उपडा ठेवला.

"आवड आहे," मी म्हटलं.

"कापडाआड बसायची?"

मागे दुसरी बाई कोळंबी सोलत होती, ती खाली मान घालून हसली. वहिनी पुढची भाकरी थापायला लागली. तिला माझ्या उत्तराची गरज नव्हती.

मी बाहेर आले आणि सुरूच्या झाडांमधून येरझाऱ्या घालत राहिले. बसवेना. थळच्या कारखान्याची चिमणी लांबवर दिसत होती. तिच्या अलीकडे आमचं घर.

आबा गवंडीकाम करायचे आणि त्यांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, आबांचा आवाज. मी आणि माझी चुलत बहीण मागून झील धरायचो. एकदा खालच्या गावात मोठ्या घरच्या हळदीला बोलावलं. हौसेने गेलो. मांडवाच्या तोंडाशी घरमालक उभा होता. म्हणाला, "तुमी हितं फणसाखाली बसा. भोंगा आत लावलाय. समद्यांला ऐकू येतंय."

भोंगा मांडवात. आम्ही फणसाखाली. माईकची वायर आमच्याकडून निघून, अंगण ओलांडून, मांडवात गेलेली. वायरीला आत जायला बंदी नव्हती. आम्ही गाणी म्हणत होतो आणि आतून हसणं, टाळ्या, फर्माइशी येत होत्या. आत कोण नाचतंय ते दिसत नव्हतं. जेवणही तिथेच आलं, पत्रावळींवर, लांबून सरकवून.

घरी येताना मी आबांना विचारलं, "आपण आत का नाही बसलो?"

आबा म्हणाले, "आवाज गेला ना आत? मग झालं."

मला ते पटलं होतं. लहान होते. वाटलं, आबांनी त्यांना फसवलं. माणसं बाहेर ठेवली त्यांनी, पण आवाज तर गेलाच आत. जिंकलो आपण. तेच डोक्यात घेऊन मी इतकी वर्षं काढली. शाळेत, होस्टेलवर, कंपनीत. आवाज गेला ना? मग झालं. सोनं आहे तालमीसाठी? मग झालं.

सुरूच्या झाडांखाली पहिल्यांदा कळलं की आबा कुणाला फसवत नव्हते. आबांना स्वतःला घरापर्यंत चालत यायचं होतं, मला हाताला धरून. त्यासाठी काहीतरी म्हणावं लागतं. ते त्यांनी म्हटलं. त्यानंतर त्या गावचं बोलावणं त्यांनी कधी घेतलं नाही, हे मात्र मी सोयीने विसरले होते.

मी सरांना शोधलं. ते व्हरांड्यात यजमान बाईंबरोबर चहा घेत होते.

"सर, मी कापडामागे बसणार नाही. बाजूला उभी राहीन. रीत तशी आहे. नावंही सांगावी लागतील."

सरांनी कप खाली ठेवला नाही. "रीत थिएटरमध्ये. हे कुणाचं तरी घर आहे."

"माझंही घर इथून जवळच आहे."

यजमान बाईंनी इंग्रजीत विचारलं, काही अडचण आहे का. सर इंग्रजीत म्हणाले, नाही नाही, ही आमची इथलीच आहे, गावातली, थोडी गोंधळलीय. बाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत मला विचारलं, "तुम्हाला... कळतं... काय गाता ते?"

मी इंग्रजीत सांगितलं, माळ्याच्या मुलीचं गाणं आहे. तिला बागेतून आत बोलावत नाहीत, त्याबद्दल.

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर मला म्हणाले, "बघू आपण."

बघू म्हणजे नाही. मला मराठी येतं.

ऊन उतरलं तसे पाहुणे येऊन बसले. पांढरे कपडे, हातात ग्लास. कोरस दोन रांगांत उभा राहिला. नैना मंचावर आली. सरांनी वाकून नमस्कार केला आणि पाठ वळवून छडी हातात घेतली. नावं सांगितली नाहीत.

मी कापडामागे उभी होते. एका हातात माईकचा स्टँड घेतला, दुसऱ्यात फाईल. कापडाला वळसा घालून बाहेर आले. वायर क्रेटमध्ये अडकली, ती सोडवली. पुन्हा ओढली. मंचाच्या उजव्या बाजूला गवतावर येऊन थांबले. वायर तिथपर्यंत पुरली.

सरांनी पाहिलं. छडीनेच खूण केली, मागे. मी फाईल उघडली. त्यांनी पुन्हा खूण केली. वादक एकमेकांकडे बघायला लागले. सर माझ्याकडे दोन पावलं आले आणि दातांतून म्हणाले, "मागे जा."

"मी इथूनच गाणार, सर."

माईक चालू होता. माझं वाक्य सगळ्या लॉनवर गेलं. बंगल्याच्या भिंतीवर आपटून परत आलं. पाहुण्यांच्या माना वळल्या.

माईक चालूच आहे, तर राहिलेलं कामही उरकावं, असं मला वाटलं. आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत. नैनाचा घसा बसला आहे. ती अभिनय करेल. गाणं मी गाईन. मग माझं नाव सांगितलं. आडनावासकट. आमचं आडनाव या भागात ऐकलं की वाडी कळते. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना काही कळलं नसेल. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

 

सर तसेच उभे होते. छडी खाली. त्यांना दोनच रस्ते होते. कार्यक्रम सोडायचा किंवा छडी उचलायची. त्यांनी छडी उचलली. आणि लय चढवली. तालमीपेक्षा कितीतरी जास्त. श्वासाच्या जागा त्यांनी एकेक करून खाल्ल्या. मी धापा टाकत मध्येच थांबावं म्हणून. असा सूड फक्त कंडक्टर घेऊ शकतो आणि समोरच्या लोकांना त्यातलं काही दिसत नाही. पण नायिकेची ही गाणी मी त्यांच्याच छडीखाली, त्यांच्या प्रत्येक लहरीवर, पूर्ण आवाजात गायलेली होती. तालमीचं सोनं. थांबले नाही. एका जागी सूर किंचित खाली गेला, तो मी तिथेच उचलला. नैना गोंधळून माझ्याकडे बघून ओठ हलवत होती.

संपलं. टाळ्या वाजल्या. यजमान बाईंनी पुढे होऊन नैनाला फुलांचा गुच्छ दिला. नैनाने तो घेतला. सरांनी तिचा हात धरून तिला पुढे आणलं, वादकांना उभं केलं, कोरसकडे हात केला. माझ्याकडे केला नाही.

मी वायर गुंडाळत होते तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई आली. आताच मला गाताना पाहिलेली. माझ्यापासून दोन हातांवर बसलेली. तिने माझ्या हातात रिकामा ग्लास दिला आणि म्हणाली, "थँक यू हां." आणि गेली.

गंमत म्हणजे ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिने मला पाहिलं होतं, ऐकलं होतं, माझं नाव ऐकलं होतं. तरी तिच्या हातात रिकामा ग्लास असल्यावर तिला मी दिसले ती अशी.

मी तो ग्लास सरांच्या स्टँडवर ठेवला. त्यांच्या स्वरलिपीवर. बुडाचं ओलं वर्तुळ उमटलं.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. हाताला पीठ. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "नाव ऐकलं आमी. आडनावबी ऐकलं."

"मग?"

"मग काय. उद्या मला विचारतील, तुझी कोण ती. सांगेन." आणि आत गेली. भाकऱ्या द्यायच्या राहिल्या होत्या.

मुंबईकडे निघालेली गाडी सुटण्याआधी सर एकच वाक्य बोलले. पहिल्यांदाच इंग्रजीत. माझ्या वागण्याने कंपनीचं नुकसान झालं आणि मी शिस्त मोडली, असं. मी त्यांना मराठीत उत्तर दिलं. "शिस्त तुमचीच होती, सर. तुम्ही त्या परदेशी पाहुण्यासाठी ठेवली होती, मीही वापरली." आणि रिक्षाने घरी गेले.

लोक विचारतात, मग सोडलीस ना कंपनी? नाही सोडली. का सोडू? मिसने शिकवलेलं गाणं आहे. सरांच्या घरचं नाही.

पुढच्या शनिवारी बोटीने तालमीला गेले. नेहमीच्या जागी बसले. काही जणी सरकून बसल्या. नैना आली, आवाज बरा झालेला. माझ्याकडे बघून "हाय आंटी" म्हणाली आणि घाईने फोनमध्ये बघायला लागली. तालीम सुरू झाली. नैना नेहमीप्रमाणे अर्ध्या आवाजात. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता डावा हात वर केला. म्हणजे, आता तू. पूर्ण आवाज.

मी गायले. अर्ध्या आवाजात.

वादक अडखळले. सरांनी छडी थांबवली. "पूर्ण आवाज लाव."

"मीही मार्क करतेय, सर."

"तू कशासाठी राखतेयस?"

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात माझा आवाज राखून ठेवायला काही पुढे होतंच नाही.

"मंचासाठी," मी म्हटलं.

त्यांनी स्वरलिपीची पानं मागे उलटली. मग नैनाला म्हणाले, आज तूच पूर्ण गा. ती गायली. घसा जपत, कुरकुरत, पण गायली.

त्याला आता काही शनिवार झाले. मला अजून काढलेलं नाही. कदाचित काढतील. काढायचं तर सगळ्यांसमोर, कारण सांगून काढावं लागेल. कुणाच्या कानात सांगून मी जाणार नाही. तोवर दर शनिवारी मी तिथे असेन, पहिल्या रांगेत, अर्ध्या आवाजात. पूर्ण आवाज हवा असेल तर आधी माझं नाव घ्यायचं, मोठ्याने, आडनावासकट, आणि मला उभं करायचं तिथे, जिथून मी दिसते. आवाज बाईसकट मिळेल. नुसता मिळणार नाही.